समुद्रात गेलेल्या पोराचा मेसेज थांबला तर घरच्यांनी काय समजायचं

"तो ठिपका काहून हालून नाही राहिला रे?" आईनं हे तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सकाळचे सहा वाजले होते आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट आहे, कापसाची पहिली वेचणी चालू होती, दिवस निघायच्या आधीच वेचणाऱ्या बायांची जमवाजमव सुरू व्हायची, आणि आमचा लहान भाऊ तेव्हा अटलांटिक महासागराच्या मधोमध एका शिडाच्या बोटीवर होता. मोबाईलवर नकाशा उघडला की निळ्या पाण्यात एक ठिपका दिसायचा, तोच आमचा भाऊ. तो ठिपका दोन दिवसांपासून एकाच जागी होता.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे. समुद्र इथून सहा-सातशे किलोमीटर, आणि घरातल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलेलाही नाही. भाऊ बारावीनंतर कोर्स करून आधी मोठ्या मालवाहू जहाजावर होता, चार वर्षं, मग शिडाच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेऊन पोचवायच्या कामात शिरला. माझं गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, पीक विमा, सातबारा, शाळेचे दाखले, त्यामुळे मोबाईल-इंटरनेटचं काहीही असलं की लोक माझ्याकडेच येतात, पण हे प्रकरण मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर भावाकडून एकेक गोष्ट समजून घेतली, वाचलं, आणि आता तालुक्यातली अजून दोन-तीन पोरं जहाजावर आहेत, त्यांच्या घरचे येऊन विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

पहिले हे समजून घ्या की तो किती दिवस आणि किती हळू चालला आहे. कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासवरून कॅरिबियनमधल्या सेंट लुसियाला जायचं म्हणजे साधारण २,७०० सागरी मैल, आपल्या हिशोबात ५,००० किलोमीटर. शिडाची बोट वाऱ्यावर सरासरी साडेपाच नॉटनं चालते, म्हणजे तासाला दहा किलोमीटर, सायकलवाला चालवते तेवढंच, फक्त रात्रंदिवस न थांबता. वीस-एकवीस दिवस लागतात. मोबाईलचा टॉवर किनारा सोडल्यावर पंधरा-वीस किलोमीटरमध्येच संपते. मग एकवीस दिवस जे काही बोलणं होते ते रेडिओवर नाहीतर उपग्रहावरून.

मोठ्या जहाजावरचं वेगळं आहे, तिथे आता बहुतेक ठिकाणी वायफाय असते, आणि खलाशांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमांत डिसेंबर २०२४ पासून हेही आलं की जहाजमालकानं शक्य तितकी इंटरनेटची सोय द्यायची. ज्यांचं पोरगं मालवाहू जहाजावर आहे त्यांनी हे त्याला जरूर सांगा. पण चाळीस-पंचेचाळीस फुटाची बोट, पाच माणसं, वीज सोलरवर, तिथे ते सगळं तसंच्या तसं नसते.

बोटीवर सगळ्यात जवळचा रेडिओ म्हणजे व्हीएचएफ. वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावरच्या माणसाला हाक मारावी तसा आहे तो, मधात काही आडवं नको. आणि समुद्रात आडवं काय येते तर खुद्द पृथ्वीच, तिचा गोलवा. डोलकाठीवर अठरा मीटर उंचीवर अँटेना असली तर दोन बोटी एकमेकींना तीस-पस्तीस किलोमीटरपर्यंत ऐकू येतात, त्यापुढे नाही. चॅनल १६ वर सगळे कान लावून असतात, संकटाची हाक तिथेच देतात. घरी बोलायला तो कामाचा नाही.

आता ठिपक्याचं. ठिपके दोन प्रकारचे असतात आणि आमच्या घरात सगळा घोळ इथूनच सुरू झाला. जहाजं दाखवणाऱ्या ज्या वेबसाइटी आहेत त्यांच्यावर दिसतो तो एआयएसचा ठिपका. एआयएस म्हणजे बोट आपलं नाव, जागा आणि वेग त्याच व्हीएचएफच्या लहरींवर सारखी सांगत राहते, टक्कर होऊ नये म्हणून. किनाऱ्यावरच्या अँटेनाला ते ऐकू आलं तरच फुकटातल्या नकाशावर दिसते. वरून उपग्रहही ऐकतात, पण ती माहिती बहुधा पैसे भरणाऱ्यालाच दाखवतात, आणि छोट्या बोटीचं यंत्र दोन वॅटचं, मोठ्या जहाजाचं साडेबारा वॅटचं, तेव्हा छोटीचा आवाज गर्दीत हरवते. म्हणून बोट किनाऱ्यापासून दूर गेली की तिचा एआयएसचा ठिपका शेवटी जिथे ऐकू आला तिथेच उभा राहतो, दोन-दोन आठवडे. आमच्या शेजारच्या काकांनी स्वतःच्या फोनवर बोटीचं नाव टाकून शोधलं तर बोट लास पाल्मासजवळच दिसली. संध्याकाळपर्यंत पारावर बातमी की बोट परत फिरली, काहीतरी झालं असेल. काकांनी काळजीपोटीच केलं ते, पण आईपर्यंत बातमी गेली तेव्हा तिचे हातपाय गळून गेले.

दुसरा ठिपका ट्रॅकरचा, तो भावाजवळच्या छोट्या सॅटेलाइट मेसेंजरचा होता. हे यंत्र हातात मावते, गार्मिन इनरीच हे त्यातलं जास्त चालणारं नाव. ते आपली जागा ठरलेल्या वेळानं उपग्रहाला पाठवते, दहा मिनिटाला, तासाला, चार तासाला, जसं ठरवाल तसं. भावानं बॅटरी आणि पैसे वाचवायला चार तासांवर ठेवलं होतं. घरी हे कोणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी तीन तास ठिपका हालला नाही म्हणून बाबांनी मला वावरातून चार फोन केले. चार तासाला एकदा म्हणजे दिवसात सहा ठिपके, यापेक्षा जास्त येणारच नाहीत. एवढं एक वाक्य आधी माहीत असतं तर तो दिवस तसा गेला नसता.

उपग्रहाचं काम आपल्या लोकांना समजायला सोपं आहे कारण घरोघरी डीटीएचची छत्री आहे. छत्री एकदा दिशा पाहून बसवली की वर्षानुवर्षं तशीच राहते, कारण ज्या उपग्रहाकडे तिचं तोंड आहे तो विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे आणि पृथ्वीसोबतच फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी दिसतो. जहाजांना फोन-इंटरनेट देणाऱ्या इनमारसॅटचे उपग्रह तसेच, जहाजांसाठी ही संस्था १९७९ मध्ये स्थापन झाली. त्यात दोन अडचणी. एक, बोट डोलते, छत्री घरावरच्यासारखी स्थिर राहत नाही, म्हणून मोठ्या जहाजावर पांढऱ्या घुमटात फिरती अँटेना असते. दुसरी, आवाजाला वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, समोरच्याचं उत्तर यायला अजून पाव. अर्धा सेकंद थोडा वाटतो पण आपण "हॅलो, ऐकू येते काय" म्हणतो, उत्तर येत नाही, परत "हॅलो" म्हणतो, तेवढ्यात त्याचं पहिलं उत्तर येऊन आपल्या बोलण्यात मिसळते. पैसे जातात आणि बोलणं काहीच होत नाही. असा फोन आला तर एक वाक्य बोलून थांबायचं, मनात एक-दोन म्हणायचं, मग ऐकायचं. आईला हे शिकवायला दोन फोन लागले, आता ती सगळ्यात चांगली बोलते.

इरिडियम ही दुसरी उपग्रह कंपनी, तिचं उलट आहे. त्यांचे ६६ उपग्रह फक्त ७८० किलोमीटर उंचीवर फिरतात, एकामागं एक, बंड्यांची रांग जावी तशी, एक डोक्यावरून दहा मिनिटांत निघून जातो आणि पुढचा येतो, आणि उपग्रह एकमेकांशीच बोलून निरोप पुढे देतात. त्यामुळे पृथ्वीवर अशी जागाच नाही जिथे ते चालत नाही, उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत. भावाचा छोटा मेसेंजर याच उपग्रहांवर चालायचा. पण याच्या जुन्या पद्धतीच्या फोनवर डेटाचा वेग सेकंदाला २.४ किलोबिट. आपण व्हॉट्सअॅपवर काहीच न वाटता टाकतो तसा ३ एमबीचा एक फोटो त्यावरून जायला पावणेतीन तास लागतील, तेही मधात एकदाही न तुटता. म्हणून "फोटो काहून नाही टाकत" असं पोराला म्हणू नका.

स्टारलिंक आल्यापासून हे बदललं, हे खरं आहे. त्यांचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, संख्येनं हजारो, आणि आज अटलांटिकच्या मधातून व्हिडिओ कॉल येऊ शकतो. पण त्या डिशला सारखी पन्नास ते शंभर वॅट वीज लागते, आणि शिडाच्या बोटीवर त्याच बॅटरीवर दिवे, फ्रीज, जीपीएस आणि बोट आपोआप वळवणारा ऑटोपायलटही चालतो. ढगाळ दिवस लागले की स्किपर, म्हणजे बोटीचा कप्तान, सगळ्यात आधी डिश बंद करतो, आणि बरोबरच करतो. म्हणून कितीही चांगलं इंटरनेट असलं तरी स्वतःची बॅटरी असलेलं छोटं यंत्र वेगळं पाहिजेच, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. आणि अजून एक सांगतो, व्हिडिओ लागतो म्हणून तासभर लावून बसू नका. बोटीवर पाळ्या असतात, तीन-चार तास जागायचं मग झोपायचं, परत उठायचं, आणि आपण ज्या वेळात त्याच्याशी बोलतो तो बहुतेक वेळा त्याच्या झोपेतून कापलेला असतो.

याशिवाय एचएफ रेडिओ आहे, जुना पण अजून कामाचा. आपल्याकडे जुन्या लोकांना आठवत असेल, रात्री रेडिओचं बटन फिरवलं की दिवसा न लागणारी लांबलांबची स्टेशनं लागायची. नागपुरात आकाशवाणीचा १,००० किलोवॅटचा ट्रान्समीटर होता, १५६६ किलोहर्ट्झवर, त्याचं रात्रीचं प्रसारण कुठल्या कुठे ऐकू यायचं. कारण हवेच्या पार वर, शेकडो किलोमीटरवर, सूर्याच्या उन्हानं विजेचा भार आलेले थर असतात, रेडिओची लहर तिथे आपटून परत जमिनीवर येते. दिवसा खालचा एक थर मीडियम वेव्हच्या लहरी गिळून टाकतो, रात्री तो विरून जातो. बोटीवरचा एचएफ रेडिओ हेच तत्त्व वापरतो, ३ ते ३० मेगाहर्ट्झमध्ये, लहर आभाळ आणि समुद्र यांच्यात टप्पे खात हजारो किलोमीटर जाते, दिवसा वरची फ्रिक्वेन्सी लावायची, रात्री खालची. महिन्याचं भाडं नाही. हॅम रेडिओचा परवाना असला तर विनलिंक नावाच्या व्यवस्थेतून यावरून ईमेलसुद्धा जाते, फक्त धंद्याचं काही पाठवता येत नाही. आणि आवाजात बोललं तर ते कोणीही ऐकू शकते, घरातल्या भानगडी तिथे बोलायच्या नाहीत.

आता आमच्या त्या तीन दिवसांकडे येतो, कारण हे सगळं लिहायचं कारण तेच आहे. ठिपका थांबला बुधवारी. मेसेज नाही. गुरुवारी नाही. आईनं अर्धी पोळी खाऊन ताट सरकवलं. बाबा वावरात जाऊन बसले, काम कमी आणि बसणं जास्त. वहिनीनं, म्हणजे माझ्या मोठ्या चुलतभावाच्या बायकोनं, विचारलं की त्या बोटीच्या मालकाला फोन लावा ना, आणि तेव्हा लक्षात आलं की मालकाचा नंबर घरात कोणाजवळच नाही. बोटीचं नाव माहीत होतं, तेही कानावर पडलेलं, लिहिलेलं नाही. शनिवारी सकाळी स्किपरच्या सॅटेलाइट फोनवरून मेसेज आला की यंत्राच्या चार्जिंगच्या तोंडात खारं पाणी गेलं, हिरवं झालं, चार्ज होत नाही, बाकी सगळे मजेत आहेत. स्किपर त्या तीनही दिवशी मालकाला रोज ईमेल करत होता. मालक युरोपात बसून जाणून होता की बोट ठीक आहे. आम्ही इकडे जाणत नव्हतो. यंत्र बिघडणं हा खाऱ्या पाण्याचा धर्म आहे, ते होणारच, पण ती बातमी मालकापर्यंत येऊन तिथेच थांबली कारण मालकापासून आमच्या घरापर्यंतचा रस्ता कोणी बांधूनच ठेवला नव्हता. त्या तीन रात्री आईनं जे सोसलं ते एका फोन नंबरानं टळलं असतं, आणि हे मला अजून सलते.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. पोरगा निघायच्या आधी, तो घरी असतानाच, सगळ्यांनी बसून ठरवा की गप्प राहण्याचा अर्थ काय लावायचा. यंत्र कोणतं घ्यायचं ते त्याला माहीत असते, ते त्याच्यावर सोडा. आमचं आता असं ठरलं आहे: चोवीस तास काही नाही आलं तर त्याचा अर्थ काहीच नाही, कोणी कोणाला फोन करायचा नाही, कामं करायची. अठ्ठेचाळीस तास झाले तर मी मालकाला ईमेल करतो आणि स्किपरच्या घरच्यांना मेसेज. बाहत्तर तास झाले आणि त्यांनाही काही माहीत नसलं, तरच त्या भागाच्या समुद्री बचाव केंद्राला कळवायचं, आणि त्याचा नंबर भावानं प्रवासाच्या हिशोबानं आधीच लिहून द्यायचा. आपल्या तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे, भारताच्या बाजूच्या समुद्रात असला तर तो. तासांचे आकडे तुमच्या घरचे वेगळे असू शकतात, पण आकडा पाहिजे, नाहीतर घरातला सगळ्यात घाबरट माणूस तो आकडा ठरवतो.

आणि हे सगळं फोनमध्ये नाही, कागदावर. बोटीचं नाव आणि स्पेलिंग, तिच्यावर कोणत्या देशाचा झेंडा आहे, तिचा नऊ आकडी एमएमएसआय नंबर (बोटीच्या रेडिओचा ओळख नंबर), कॉल साइन (रेडिओवर बोट ओळखायची अक्षरं), रंग आणि लांबी, सोबतची माणसं किती, कुठून निघाली आणि कुठे पोचणार, लवकरात लवकर कधी आणि उशिरात उशिरा कधी. तारीख एकच लिहिली तर त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी रडारड सुरू होते, वारा पडला की शिडाची बोट चार-पाच दिवस सहज उशिरा येते, म्हणून दोन तारखा. आमचा कागद देवघराच्या बाजूच्या भिंतीवर चिकटवलेला आहे.

खऱ्या संकटासाठी बोटीवर ईपर्ब नावाची पेटी असते, तिचं थोडं सविस्तर सांगतो कारण तिचा संबंध थेट घरच्या फोनशी आहे. बोट बुडायला लागली तर ती पाण्यात पडून आपोआप चालू होते किंवा हातानं चालू करता येते, ४०६ मेगाहर्ट्झवर तिचा संकेत कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेच्या उपग्रहांना जातो, तिचं महिन्याचं भाडं नसते आणि बॅटरी निदान ४८ तास चालते. आपल्याकडे ही यंत्रणा इस्रो बंगळुरूवरून चालवते आणि प्रत्यक्ष शोध तटरक्षक दल करते. प्रत्येक पेटीचा स्वतःचा कोड असतो आणि तो नोंदवताना घरच्या माणसाचा नंबर द्यावा लागतो. चुकून चालू झालेल्या पेट्या खूप असतात, म्हणून संकेत आला की बचाव केंद्र लगेच त्या नंबरावर फोन करून विचारते की बोट खरंच समुद्रात आहे काय, किती माणसं आहेत. आता आमच्या गावात लाईट गेली की टॉवर जातो हे तुम्हाला सांगायला नको. भावानं आधी बाबांचा नंबर देऊन ठेवला होता, बाबांचा फोन दिवसभर बंडीत कापडाच्या पिशवीत. आता माझा नंबर आहे आणि दुसरा नागपूरच्या आत्याचा. नंबर देताना माणूस जवळचा पाहू नका, रात्री दोन वाजता फोन उचलणारा आणि टॉवरमध्ये असणारा पाहा. परदेशी नंबर दिसला की स्पॅम म्हणून कापणारं अॅप त्या फोनवर असेल तर ते काढा.

दूर समुद्रात एवढ्याशा मेसेजनं काय होते याचं आपल्याच माणसाचं उदाहरण आहे. नौदलाचे अभिलाष टॉमी २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत एकटेच होते, त्या शर्यतीत १९६८ च्या काळातलीच साधनं वापरायची असतात, सुरक्षेपुरती सॅटेलाइट यंत्रं सोडून. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळानं बोट उलटली, डोलकाठी मोडली, पाठ जबर दुखावली, उठता येईना. त्यांनी छोट्या सॅटेलाइट यंत्रावरून मोजक्या शब्दांत तेवढंच कळवलं. नौदलाच्या पी-८आय विमानानं बोट शोधली आणि २४ तारखेला ओझिरिस या फ्रेंच जहाजानं त्यांना बाहेर काढलं. पुढे २०२३ मध्ये तीच शर्यत त्यांनी दुसऱ्या नंबरानं पूर्ण केली. आणि आपल्या नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोन अधिकारी २०२४ च्या २ ऑक्टोबरला गोव्यावरून तारिणी बोटीनं निघाल्या, २०२५ च्या जानेवारीअखेर पॉइंट निमोवरून गेल्या. ती अशी जागा आहे जिथून सगळ्यात जवळची जमीन २,६८८ किलोमीटर लांब, त्यापेक्षा डोक्यावरून जाणारं अंतराळ स्थानक जवळ, चारशे किलोमीटर. मे महिन्यात दोघी सुखरूप परत आल्या. मी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्यायच्या मायायनं कसं काढलं असंन माय ते."

मेसेज लिहिण्याबद्दल. देवनागरीत लिहिलेला साधा एसएमएस ७० अक्षरांत संपतो, इंग्रजी अक्षरांत १६०. उपग्रहाच्या यंत्रावरही देवनागरीला जागा जास्तच लागते, म्हणून आम्ही मराठीच लिहितो पण इंग्रजी अक्षरांत. रोज येणाऱ्या मेसेजसाठी आकडे ठरवले, १ म्हणजे सगळं ठीक, २ म्हणजे ठीक आहे पण हवा खराब, ३ म्हणजे यंत्र बिघडायला आलं, गप्प झालो तर घाबरू नका. हा तिसरा आकडा त्या तीन दिवसांनंतरचा. आजीला वाचता येत नाही पण आकडा ओळखते, फोन हातात घेऊन "येक आला" म्हणून सांगत फिरते.

घरून काय लिहायचं? काळजी घे, जपून राहा, असं आम्ही आधी रोज लिहायचो. भाऊ नंतर म्हणाला की दादा, ते एकदा वाचलं की संपते. त्याला आवडलेले मेसेज कोणते तर काळ्या गाईला कालवड झाली, नाल्याकडच्या वावरात वेचणीला सोळा बाया आल्या, तुरीला फूल चांगलं धरलं पण अळी दिसते, बाबानं फवारणी केली. रात्रीच्या पाळीत एकटा असला की तो हेच परत परत वाचायचा. त्याला घर चालू आहे हे पाहायचं असते. वेळेचंही ध्यान ठेवा, दर पंधरा अंश रेखांशाला एक तास, तो अटलांटिकच्या मधात ४० अंश पश्चिमेला असला तर आपल्या संध्याकाळच्या सातला त्याच्याकडे सकाळचे अकरा वाजत आलेले असतात.

वाईट बातमीचंही आधी ठरवून ठेवा, बोलायला जड जाते पण ठरवा. त्याच प्रवासात आजी न्हाणीत घसरली, खुबा मोडला, यवतमाळला ऑपरेशन झालं. भावानं जाताना सांगून ठेवलं होतं की लपवू नका, लपवलं तर पुढे तुमच्या कोणत्याच "ठीक आहे"वर माझा भरवसा राहणार नाही, फक्त आधी स्किपरला कळवा, तो माझी झोप आणि हवा पाहून सांगेल. तोपर्यंत स्किपरचा नंबर आमच्याकडे आला होता, आम्ही तसंच केलं. ऑपरेशन झाल्यावर कळवलं, शुद्धीवर आली हे सोबतच लिहिलं. त्याचं उत्तर आलं, १, आणि पुढे आजीसाठी तिच्याच बोलीत चार शब्द.

दोन गोष्टी अजून. सॅटेलाइट फोनचे नंबर ८८१६ किंवा ८७० नं सुरू होतात, अशा नंबरचा मिस्ड कॉल आला तर आपल्या मोबाईलवरून उलट लावू नका, मिनिटाला खूप पैसे जातात आणि ठगणारे लोकही असे नंबर वापरतात. तो परत लावेल किंवा मेसेज करेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोरगा सुट्टीत घरी येताना ते यंत्र बॅगेत घेऊन येऊ देऊ नका, कुरिअरनंही मागवू नका. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय इरिडियम आणि थुराया (अशीच अजून एक उपग्रह कंपनी) यांचे फोन बाळगणं गुन्हा आहे, २६/११ च्या हल्लेखोरांनी समुद्रात असाच फोन वापरला होता, त्यानंतर यात फार कडकपणा आहे. त्या उपग्रहांवर चालणारा छोटा मेसेंजरही त्यात येतो, नुसता मेसेंजर बॅगेत सापडला म्हणून विमानतळावर परदेशी पर्यटकांनाही अडवलं आहे. आपल्याकडे परवानगीचा रस्ता बीएसएनएलच्या सॅटेलाइट फोनचा आहे, तो इनमारसॅटवर चालतो. भाऊ आपलं यंत्र बोटीच्या मालकाकडेच ठेवून येतो.

येत्या मे महिन्यात तो परत निघणार आहे, कॅरिबियनवरून अझोर्स बेटांकडे, साधारण २,२०० सागरी मैल. भिंतीवरचा कागद मागच्या रविवारी नवा लिहिला. यंत्रं दोन, चार्जिंगच्या तोंडाला रबरी झाकण, मालकाचा आणि स्किपरच्या बायकोचा नंबर वर मोठ्या अक्षरात. आईनं एकच गोष्ट वाढवून घेतली, रविवारी रात्री आकड्याऐवजी चार शब्द लिहायचे, काय खाल्लं ते. भाऊ हो म्हणाला, मी कागदावर लिहून टाकलं.